पुढची लेन्स घेण्याआधी: हौशी फोटोग्राफरसाठी पायरीपायरीने

हौशी फोटोग्राफरकडे दोन याद्या असतात. एक काढलेल्या फोटोंची, ती तो क्वचितच उघडतो. दुसरी घ्यायच्या वस्तूंची, ती रोज रात्री झोपण्याआधी उघडली जाते. त्या दुसऱ्या यादीत एक ८५ मिमीची लेन्स असते, एक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, असते, आणि ज्यांनी कोणी लेन्स-कॅमेऱ्यांचे ते व्हिडिओ बनवलेत त्यांच्या कृपेने दर आठवड्याला एकदोन वस्तूंची भर पडत असते. यात गैर काही नाही, वस्तूंची हौस हा या छंदाचा निम्मा आनंद आहे. पण दुसरी यादी पहिलीतून निघायला हवी, इतकंच माझं म्हणणं आहे. ती तशी कशी काढायची आणि तोवर हातातल्या कॅमेऱ्याने काय सुधारता येतं, ते खाली क्रमाने देतो.

कॅमेरा नवा आहे, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स आली आहे आणि बहुतेक फोटो ऑटोवर निघतात, असं मी धरून चालतो. मोबाइलवर काढत असाल तरी तिसरी, चौथी आणि सहावी पायरी तुमच्यासाठी आहेच.

पायरी १: हवी असलेली वस्तू लिहू नका, न जमलेला फोटो लिहा

एक वही घ्या किंवा मोबाइलमध्ये नोंद उघडा. "८५ एफ/१.८ हवी" असं त्यात लिहायचं नाही. "संध्याकाळी घरात चेहऱ्याचे फोटो काढताना आयएसओ ६४००वर जातो आणि त्वचा खरखरीत दिसते" असं लिहायचं. (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता.) पहिल्या वाक्याला एकच उत्तर असतं, ते म्हणजे खरेदी. दुसऱ्याला चार असतात: खिडकीजवळ सरका, दिवा लावा, फ्लॅश छताकडे वळवा किंवा जास्त प्रकाश घेणाऱ्या मोठ्या छिद्राची, म्हणजे मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स घ्या.

"माझा कॅमेरा फक्त २४ मेगापिक्सेलचा आहे" ही तक्रार या वहीत बसतच नाही, कारण कुठल्या फोटोत काय बिघडलं हे त्यात नाही. हिशेब करून बघा. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या मापाने तो फोटो २० बाय १३ इंचांचा होतो. ८ बाय १२ इंचांच्या प्रिंटला ९ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. पक्षी लांब बसलाय म्हणून फोटोचा बराचसा भाग कापून टाकावा लागतो, अशी तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. ती मात्र वहीत नक्की लिहा.

पायरी २: ऑटो सोडा, पण लगेच मॅन्युअलवर उडी नको

"खरा फोटोग्राफर मॅन्युअलवरच काढतो" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हसून मान डोलवा आणि डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे ए किंवा एव्हीवर ठेवा. अ‍ॅपर्चर तुम्ही निवडता, शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते (१/१२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग), कॅमेरा ठरवतो. बाहेर निघताना एफ/८, एका माणसाचा फोटो काढताना लेन्सवर असेल तो सर्वांत लहान आकडा, एवढ्यावर सुरुवात होते.

एफच्या आकड्यांची एक ओळ पाठच करून टाका: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा मोठा तितकं छिद्र लहान, आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा. या एका निम्म्याला किंवा दुपटीला स्टॉप म्हणतात. शटर १/१२५वरून १/२५०वर नेला तर एक स्टॉप गेला, आयएसओ ४००वरून ८००वर नेला तर तो परत मिळाला. तिन्ही गोष्टी एकाच चलनात मोजता येतात, हे एकदा अंगवळणी पडलं की एक्सपोजरचं, म्हणजे फोटो किती उजळ येतो याचं, गूढ बरंचसं संपतं.

मग ऑटो आयएसओ चालू करा आणि मेन्यूत "किमान शटर स्पीड"ची सोय असेल तर तिथे १/१२५ भरा. ही एक सेटिंग अनेक नवख्यांचे हललेले फोटो वाचवते आणि मेन्यूत इतकी खोल दडलेली असते की कोणी तिकडे फिरकत नाही.

यानंतर शिकायचं बटण एकच, फोटो मुद्दाम उजळ किंवा अंधारा करणारं एक्सपोजर कॉम्पेन्सेशन. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं दृश्य मधल्या राखाडी छटेचं आहे असं गृहीत धरतो. त्यामुळे पांढऱ्या भिंतीसमोरचा पांढरा सदरा मळकट येतो आणि काळं कुत्रं धुरकट येतं. पांढऱ्याला +१, काळ्याला -१ करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत डावीकडे अंधारे आणि उजवीकडे उजळ ठिपके किती ते दाखवणारा आलेख, बघा. आलेख उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल, तर तिथला तपशील गेला आणि तो नंतर सहसा परत येत नाही. सावलीतला तपशील मात्र काही प्रमाणात वर काढता येतो. आकाश आणि चेहरा दोन्ही सांभाळायचे असतील तर थोडा अंधाराकडे झुकलेला फोटो बरा.

पायरी ३: "शार्प येत नाही" याचं निदान

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण जवळजवळ सगळी अनावश्यक खरेदी या एका वाक्यातून जन्माला येते. फोटो शार्प येत नाही, म्हणजे लेन्स वाईट, म्हणजे नवी हवी. प्रत्यक्षात अस्पष्टपणाचे किमान पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. बिघडलेला फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करा आणि नीट बघा.

सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? दिव्यांचे ठिपके छोट्या रेघा झालेत? मग हात हलला. जुना नियम असा की शटर स्पीड किमान फोकल लेंथच्या (लेन्सच्या मिमीतल्या आकड्याच्या) व्यस्त हवा, आणि क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, फोकल लेंथला १.५ने किंवा कॅननवर १.६ने गुणून घ्यावं. म्हणजे ५५ मिमीला १/८०च्या आसपास, २०० मिमीला १/३००च्या पुढे. लेन्सला किंवा बॉडीला स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) असेल तर याच्या बरंच खाली उतरता येतं. कोपरं छातीला टेकवा, डावा हात लेन्सच्या खाली ठेवा, खांब दिसला की टेका.

मागची भिंत कडक शार्प आहे, पण माणूस पुसट आहे? मग तुमचा हात स्थिर होता, माणूस हलला. इथे स्टॅबिलायझेशनचा काडीचाही उपयोग नाही आणि ट्रायपॉडचाही नाही. फक्त शटर स्पीड. गप्पा मारत बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलांना १/५०० किंवा जास्त, उडणाऱ्या पक्ष्याला १/२०००च्या घरात. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर बेलाशक वाढवा. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला येत नाही.

नाकाचा शेंडा शार्प, डोळे नाहीत? किंवा मागचं झाड शार्प, पुढचं फूल नाही? मग फोकस चुकला. कॅमेरा सगळ्या बिंदूंमधून स्वतः निवड करत असेल तर तो बहुधा जवळची किंवा ठळक गोष्ट पकडतो. एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. आय-डिटेक्शन (डोळा आपोआप शोधणारी सोय) असेल तर चालू करा. स्थिर विषयाला सिंगल फोकस (एकदाच जुळणारा), हलत्याला कंटिन्युअस (सतत जुळवत राहणारा). ही जागा खास लक्षात ठेवा, कारण मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सने हा दोष वाढतो. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्स एफ/१.८ला उघडून एक मीटरवरून चेहरा काढला, तर शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी साधारण ३ सेंटीमीटर भरते. उभ्याउभ्या माणूस तेवढा नुसता डुलतो. किट लेन्सवर ज्याचा फोकस चुकतो, त्याच्या हाती एफ/१.८ आली की पहिला महिना रडारड ठरलेली.

चौथा प्रकार: रेषा जागेवर आहेत, पण सगळीकडे रंगीत खरखर आहे. हा नॉइज. बरेचदा तो आयएसओ जास्त असल्यामुळे दिसतो त्याहून, फोटो अंधारा काढून नंतर ओढून उजळल्यामुळे दिसतो. आयएसओ १६००वर नीट उजेडाचा काढलेला फोटो, ४००वर अंधारा काढून दोन स्टॉप वर खेचलेल्या फोटोपेक्षा सहसा वाईट नसतो, उलट रंग बरे असतात.

आणि पाचवा: कुठलीच जागा शार्प नाही, सगळ्यावर मऊ साय धरल्यासारखी. आधी लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा ठसा आहे का बघा. हसू नका, बघा. नसेल तर अ‍ॅपर्चर एफ/२२ तर नव्हतं? छिद्र फार लहान केलं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि क्रॉप सेन्सरवर एफ/११च्या पुढे तो परिणाम जाणवू लागतो. लांबच्या लेन्सने भर उन्हात दूरचं काही काढलं असेल तर तापलेली हवाच थरथरत होती. त्यावर जगातल्या कुठल्याही लेन्सकडे उपाय नाही. सकाळी लवकर या किंवा जवळ जा.

या पाचांपैकी खरेदीकडे बोट दाखवणारे प्रकार दोनच, नॉइज आणि विषय हलणं. तेही उजेड वाढवायचे सगळे फुकटचे मार्ग संपल्यावर.

पायरी ४: एक खिडकी, एक माणूस

दिवसा एक खिडकी निवडा, जिच्यातून थेट ऊन येत नाही. घरातले दिवे बंद करा, म्हणजे पिवळा आणि निळसर असे दोन प्रकाश एकमेकांत मिसळणार नाहीत. कोणालातरी खिडकीकडे तोंड करून बसवा आणि एक फोटो काढा. मग त्या व्यक्तीला थोडं थोडं वळवत जा: तीनचतुर्थांश, अगदी बाजूने, शेवटी पाठ खिडकीकडे. पुन्हा हेच सगळं खिडकीपासून दोनतीन पावलं आत सरकून करा. खोलीत मागे सरकलं की दोन गोष्टी एकदम बदलतात. उजेड कमी होतो आणि सावलीची कड कठीण होते, कारण चेहऱ्याच्या दृष्टीने खिडकी लहान झालेली असते. प्रकाशाचा उगम विषयाच्या मानाने मोठा तितकी सावली मऊ. स्टुडिओतले सॉफ्टबॉक्स आणि छत्र्या याच एका तत्त्वावर उभ्या आहेत. ढगाळ दिवशी अख्खं आकाश खिडकी होतं, म्हणून चेहरे छान येतात. भर दुपारी सूर्य लहान आणि डोक्यावर, म्हणून डोळ्यांत काळे खड्डे. अशा वेळी माणसाला झाडाच्या किंवा छपराच्या सावलीच्या कडेला उभं करा, तोंड उजेडाकडे.

अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा थर्मोकोलचा तुकडा धरून बघा. विकतचा रिफ्लेक्टर यादीत असेल तर तो याच वेळी खोडला जाईल.

पायरी ५: झूमला कुलूप

महिनाभर झूम लेन्स एकाच आकड्यावर ठेवा, ३५ मिमी चांगला. क्रॉप सेन्सरवर तो जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ५० मिमीच्या जवळपास जातो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बरंचसं काम ५० मिमीच्या एका लेन्सवर केलं, हा दाखला सगळे देतात, मीही दिला. पण खरं कारण जास्त साधं आहे. आकडा स्थिर असला की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट दिसायला लागते आणि पाय आपोआप योग्य जागी जातात. शिवाय ३५ मिमीची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायची की ५०ची, या वादाचं उत्तर फुकटात मिळतं.

या काळात शटर दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवायची सवय लावा. डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली अर्धी चप्पल, कापलेली बोटं हे सगळं कडांवरच सापडतं. एक पाऊल डावीकडे सरकलं की बहुतेक वेळा निकाल लागतो. आणि आधी पार्श्वभूमी शोधून तिच्यासमोर विषय येण्याची वाट पाहायची, हा उलटा क्रम एकदा तरी करून पाहाच.

पायरी ६: निवड

काढलेल्या दिवशी निवडू नका. त्या दिवशी आपल्याला फोटो कमी आणि तिथली मजा जास्त दिसत असते. काही दिवस जाऊ द्या, मग एकसारख्या दहा फोटोंतून एक ठेवा. फिल्मवाले पूर्ण रोलच्या छोट्या प्रिंट एका कागदावर काढून, भिंग लावून, एखाद्याच चौकटीवर खूण करत. तिथे निवड हे कामाचं स्वतंत्र अंगच होतं.

दुसऱ्याला दाखवताना "कसा आहे?" असं विचारलं की "मस्त" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी "तुझी नजर आधी कुठे गेली?" एवढंच विचारा. तुम्ही चेहरा काढला होता आणि समोरची व्यक्ती मागच्या लाल बादलीबद्दल बोलू लागली, तर वहीत लिहायला एक ओळ मिळाली.

पायरी ७: रॉ आणि एडिटिंग, थोडक्यात

रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) दोन्ही साठवा. जेपेग ८ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिट रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) चुकला किंवा सावली उजळायची झाली, तर रॉ निमूटपणे ऐकते, जेपेग फाटते. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. क्रम असा ठेवा: व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, उजळ आणि अंधाऱ्या भागांचा समतोल, क्रॉप, शेवटी शार्पनिंग. क्लॅरिटी (तपशिलाचा उठाव) आणि सॅच्युरेशनच्या (रंगांचा गडदपणा) पट्ट्या जिथे छान वाटल्या तिथून अर्ध्यावर मागे आणा. रॉ फाइल हार्ड डिस्कवर आणि दुसरीकडे कुठेतरी अशी दोन ठिकाणी पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

पायरी ८: आता यादी

वही आणि फोटोंचा साठा शेजारी ठेवा. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांची नोंद असते. डिजीकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यानुसार फोटो गाळता येतात. महिनाभराचा ३५चा सराव वगळून, निवडून ठेवलेले फोटो तेवढे बघा. बहुतेक ५५ मिमीवरच अडकले असतील तर तुम्हाला लांबची लेन्स हवी आहे. बहुतेक १८वर असतील तर ७०-३०० कितीही खुणावो, ती कपाटात धूळ खाईल.

कमी उजेडाची तक्रार असेल तर एक हिशेब आधी करा, तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी वाटतो. किट लेन्स ५५ला एफ/५.६ देते. ५० मिमी एफ/१.८ तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे आयएसओ ३२००च्या जागी ३२० ते ४००वर काम भागतं. क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेल्यास सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे सव्वादोनपट होतं, फायदा साधारण तेवढाच, आणि सोबत सगळ्या लेन्स बदलायची वेळ येऊ शकते. ज्या माणसाला घरातले फोटो सुधारायचे आहेत, त्याने आधी साधी प्राइम घ्यावी, बॉडी नंतर. लहान खोलीत ५० फार जवळ वाटते, तिथे ३५ घ्या.

प्राइमच्या आधी फ्लॅशचा विचारही करण्यासारखा आहे. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश नव्हे, वर बसवायचा आणि डोकं फिरणारा. तो पांढऱ्या छताकडे वळवला की छतच खिडकी होतं. नवख्यांच्या यादीत फ्लॅश कधीच नसतो आणि समारंभात सर्वांत जास्त फरक तोच पाडतो.

फुलं आणि किडे जवळून काढायचे असतील तर मॅक्रो लेन्सच्या आधी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. त्यात काच नसते, नुसती पोकळ नळी लेन्सला सेन्सरपासून दूर ढकलते. थोडा प्रकाश कमी होतो आणि लांबचा फोकस जातो, पण ही आवड टिकणारी आहे की नाही ते कळतं. ट्रायपॉड घ्यायचा तर मधली दांडी वर न उचलता डोळ्यांच्या जवळ येणारा घ्या. डगमगणारा स्वस्त ट्रायपॉड म्हणजे घरी विसरायची वस्तू. लेन्स हूड, म्हणजे लेन्सपुढची टोपीसारखी कडा, जरूर घ्या, पुढच्या काचेचं रक्षणही तोच करतो. यूव्ही फिल्टर डिजिटल कॅमेऱ्याला गरजेचा नाही. पोलरायझर फिल्टर मात्र पाण्यावरची आणि पानांवरची चकाकी काढतो, जी नंतर कॉम्प्युटरवर नीट काढता येत नाही. बदल्यात एकदोन स्टॉप प्रकाश जातो.

बॉडी बदलायची वेळ येते, नाही असं नाही. योग्य शटर स्पीड आणि योग्य फोकस मोड असूनही पळता विषय सुटत असेल तर दोष खरंच कॅमेऱ्याच्या फोकसचा आहे. तेव्हा बॉडी नव्हे, माउंट (लेन्स बसवायची जोडणी) निवडा, कारण लेन्स बॉडीपेक्षा जास्त वर्षं सोबत राहतात. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा, आणि २०१८मध्ये दोघांनी मिररलेससाठी (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) झेड आणि आरएफ आणले. ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर छान चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर मात्र स्वतःची फोकस मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवरही चालत नाही, कारण त्या बॉडींतही फोकसची मोटर नसते. जुनी लेन्स हाती पडली की आधी ही अक्षरं वाचा. आणि महागडी लेन्स घेण्याआधी ती शनिवार-रविवार भाड्याने आणा. वजन हा दोष कुठल्याच परीक्षणात नीट कळत नाही, खांद्याला कळतो.

पायरी ९: वापरलेली वस्तू तपासताना

लेन्स एका टोकाने डोळ्यासमोर धरा आणि दुसऱ्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. धुळीचे चार कण चालतात, ते फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि दुधी थर दिसला तर हेझ. दोन्हींत लेन्स परत करा. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी आणि चटकन हलणारी हवीत, तेलकट नकोत. झूम आणि फोकसच्या कड्या पूर्ण फिरवून बघा, कुठे अडकतात का. सपाट, बारीक तपशिलाची भिंत समोरून काढा आणि चारही कोपरे सारखे आहेत का पाहा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते.

बॉडीचं शटर किती वेळा उघडलं ते विचारा. हौशी आणि मधल्या श्रेणीतल्या डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची) शटर साधारण एक ते दीड लाख वेळांसाठी तपासलेली असतात. आकडा ओलांडला म्हणजे ती बंदच पडते असं नाही, पण घासाघीस करायला तो कामी येतो. एफ/१६वर, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. सेन्सरवरची धूळ काळे ठिपके होऊन दिसेल. ब्लोअरने जाते ती धूळ, न जाणारे ठिपके तेलाचे असू शकतात. डब्यातली दाबाची हवा सेन्सरवर कधीही मारू नका, तिच्यातला द्रव उडून बसतो.

घरी आणलेली लेन्स चामड्याच्या खोळीत बंद करून ठेवू नका, ओल धरते आणि बुरशीला तेच हवं असतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, ६०च्या वर गेला की जेल बदला किंवा वाळवा. आणि लेन्स अधूनमधून बाहेर काढून उजेडात वापरा.